खुडणीचा पंचा

शिहो मोचिझुकी कुमोदाइराच्या थांब्यावर उतरली तेव्हा तिच्या पिशवीत कोरे कागद, रंगीत पेन्सिली आणि स्टेशनवर घेतलेला भाताचा डबा होता. थोड्याच वेळात ती पिशवी एका फांदीला लटकत होती आणि शिहो कमरेला टोपली बांधून चहाची पानं खुडत होती. उतार इतका उभा होता, की पाय घसरला असता तर ती थेट खालच्या नदीत जाऊन पडली असती.

ती काही खुडायला आली नव्हती. हामामात्सुला काताहिरा-सानांच्या कारखान्यात ती पंच्यांवरची नक्षी काढायची. डोक्याला बांधायचे, हात पुसायचे, सणाला वाटायचे सुती तेनुगुई पंचे. चार दिवसांपूर्वी कारखान्यात फोन आला. कुमोदाइराहून बोलतोय, चहा खुडणाऱ्या बायकांना द्यायला पंचे हवेत, असं एक पुरुषी आवाज म्हणाला. नक्षी कसली, असं शिहोनं विचारलं. चहाचं काहीतरी, असं उत्तर आलं. रंग? हिरवा. कसला हिरवा? मग तो आवाज म्हणाला, "चहासारखा."

काताहिरा-सान म्हणाले, जा बाई, तूच बघून ये.

आणि ती पायवाटेनं धापा टाकत वर पोचते न पोचते तोच, वरच्या रांगेतून एक उंच, उन्हानं रापलेला माणूस भराभरा खाली उतरला. "उशीर झाला," असं म्हणत त्यानं तिच्या हातात टोपली दिली, "त्या टोकापासून धरा" असं सांगितलं आणि तो आला तसा वर निघून गेला. शिहोनं तोंड उघडलं होतं... पण बोलणार कुणाशी? शेजारच्या रांगेतल्या बायकांनी तिला बघून मान हलवली आणि त्या पुन्हा हात चालवायला लागल्या. एवढ्या सगळ्यांना थांबवून मी कोण हे सांगण्यापेक्षा खुडणं सोपं वाटलं. तिनं खुडायला सुरुवात केली.

दहाच्या चहाला सगळ्या जणी बांधावर बसल्या. खुडणाऱ्यांमध्ये सगळ्यांत जुन्या होत्या तोयोकाकू. सत्तरी ओलांडलेल्या, तोंडानं फटकळ. त्यांनी शिहोचा हात धरून उन्हात नेला.

"काय गं, नखं कशानं निळी झाली तुझी?"

"रंगानं. मी हामामात्सुहून आलेय. पंच्यांच्या कारखान्यातून."

किटली घेऊन फिरणारा तो माणूस जागीच थांबला. तोच सोइची ओइशी. उतार त्याचा, फोनवरचा आवाजही त्याचाच. सकाळी यायची होती ती नवी बाई आली नव्हती, आणि त्यानं हिलाच ती समजून कामाला जुंपलं होतं.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठं? टोपली दिलीत."

"आणि तुम्ही घेतलीत?"

"मला वाटलं, इथं पाहुण्यांना असंच घेत असतील."

बायका खो-खो हसायला लागल्या. तोयोकाकू म्हणाल्या, "बरं झालं, सोइची. मुलगी बघायला जाशील ना, तेव्हाही आधी टोपलीच दे हातात. कामाची आहे की नाही, तिथल्या तिथं कळेल."

सोइचीचे कान लाल झाले. त्यानं शिहोची नीट, कमरेत वाकून माफी मागितली. मग तिच्या टोपलीत डोकावला आणि एक पान उचलून उलटसुलट बघत राहिला. ते बघणं तिला लागलं.

"इतकं वाईट आहे?"

"नाही... नख लावलंय तुम्ही. नखानं तुटलं की कड काळी पडते." त्यानं एका फांदीचा शेंडा चिमटीत धरला. "मधली कळी आणि खालची दोन पानं. अशी धरायची, आणि नुसती मोडायची. आपणहून सुटते."

तिनं धरून पाहिलं. "सुटत नाहीये."

"घाई करताय."

"तुम्ही बघताय म्हणून."

तो लगेच दुसरीकडे बघायला लागला. आणि तेवढ्यात शेंडा खरंच सुटला, हलकासा आवाज करून.

ती दुपारपर्यंत खुडत राहिली. आता तिला कुणी सांगितलं नव्हतं. निघायच्या वेळी सोइचीनं विचारलं, नक्षीसाठी काही बघायचं राहिलं का? ती म्हणाली, खूप बघितलं.

बसचा थांबा नदीच्या पलीकडे, झुलत्या पुलानंतर होता. बाकावर बसून तिनं समोर पाहिलं तेव्हा सबंध उतार एकदम दिसला. एकावर एक चढत गेलेल्या हिरव्या रांगा, कंगवा फिरवल्यासारख्या. बायका घरी गेल्या होत्या. एका रांगेत मात्र पांढरा सदरा घातलेला एक माणूस वाकलेला होता. शिहोनं बोटानं रांगा मोजल्या आणि ती ओशाळली. ती तिचीच रांग होती. तिनं अर्धवट सोडलेलं, चुकीचं तोडलेलं सगळं सोइची एकटा नीट करत होता. तोंडावर एक शब्द न बोलता.

बस येईपर्यंत तिनं ते सगळं कागदावर उतरवलं.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. ओली पानं खुडत नाहीत, त्यामुळे सोइचीला सुट्टीच मिळाली. तो रंग बघायच्या निमित्तानं हामामात्सुला आला. हातात ताज्या चहाची पुडी, अंगात इस्त्रीचा सदरा. काताहिरा-सानांनी पुडीचा वास घेतला, सदऱ्याकडे पाहिलं, शिहोकडे पाहिलं आणि मागच्या खोलीत काहीतरी महत्त्वाचं काम आहे म्हणून निघून गेले.

शिहोनं त्याला नक्षीचा कागद दाखवला नाही. पंचा तयार झाला की बघा, म्हणाली. कोऱ्या पट्ट्यांवर रंग तेवढा करून दाखवला. घडीवर घडी घातलेलं कापड, त्याभोवती खळीचा बांध, आणि वरून झारीनं ओतलेला रंग. खालून हवा ओढली, की रंग सगळ्या घड्यांतून आरपार खाली उतरतो. तिनं पट्टी धुतली, उलगडली, त्याच्यासमोर धरली. मग उलटी करून धरली.

"दोन्हीकडून सारखंच?" त्यानं विचारलं.

"आरपार जातो ना रंग. याला उलटी बाजू नसते."

"बरं आहे. माणसांना असते."

"तुमची कुठं आहे? मला तर अजून दिसली नाही."

तो हसला आणि पट्ट्या चाळायला लागला. पट्ट्यांमधून त्यानं एकही पसंत केली नाही. ही जास्त निळी, ती म्हाताऱ्या पानाची. शेवटी शिहोनं हिरव्यात पिवळा वाढवत वाढवत एक अशी पट्टी काढली, की तिला स्वतःला तो रंग जरा कच्चा वाटला. सोइची मात्र ती हातात धरून उभाच राहिला.

"ही सकाळची आहे," तो म्हणाला. "दव सुकलंय, पण ऊन अजून चढलेलं नाही."

"फोनवर एवढंच सांगितलं असतंत तर मी आलेच नसते."

"म्हणून बरं झालं, नाही सांगितलं."

आता कान लाल व्हायची पाळी शिहोची होती.

जेवायला ती त्याला कोपऱ्यावरच्या ग्योझाच्या दुकानात घेऊन गेली. गोल मांडलेल्या, खालून खरपूस भाजलेल्या मोमोंसारख्या ग्योझा, मधोमध उकडलेल्या मोडांचा ढीग. बाहेर पाऊस, काचेवर वाफ. तो सावकाश जेवत होता, आणि ती त्याला तोयोकाकूंच्या नकला करून हसवत होती. मग तिनं सहज विचारलं, पंच्यावर यंदाचं साल घालायचं का? पुढच्या वर्षी दुसरा रंग करता येईल, बायकांना दरवर्षीचा वेगळा जमवता येईल.

सोइचीनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

पुढच्या वर्षी खुडणी नाही, तो म्हणाला. वडील गुडघ्यानं अधू होऊन बहिणीकडे गेले, त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या उभ्या उतारावर यंत्र चढत नाही आणि हातानं खुडलेल्या चहाला हल्ली गिऱ्हाईक नाही. मित्रानं इथंच, हामामात्सुत, पियानोच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा बघितली आहे. जुलैपासून. हे सगळं तो हवापाणी सांगावं तसं सांगत होता. बायकांना त्यानं अजून सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी पंचे वाटताना सांगणार होता.

शिहोच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर पियानोचा कारखाना इथून सायकलवर जाण्याइतका जवळ आहे. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि लाज वाटली की ती नेहमी चिडायची, तशी चिडली.

"म्हणजे हा निरोपाचा पंचा आहे. आणि मी नवी पालवी काढत बसलेय."

"म्हणूनच बोललो नाही. मला निरोपाची नक्षी नको होती."

"पण मला सांगायला हवं होतं. त्या बायकांनाही. त्या उद्या तो डोक्याला बांधतील आणि तुम्ही त्यांना सांगणार, झालं, संपलं."

"सांगायची हिंमत होत नाही हो," तो म्हणाला. मग टेबलाकडे बघत, अडखळत म्हणाला, "आणि इथं यायचं म्हटलं की... एक गोष्ट मात्र बरी वाटते. आधी वाटत नव्हती. गेल्या आठवड्यापासून वाटायला लागली."

तिला कळलं. कुणालाही कळलं असतं. दुसरी एखादी असती तर तिनं मान खाली घालून, हसून, शेवटची ग्योझा त्याच्या ताटात सरकवली असती. शिहो म्हणाली, "ते माझ्यावर ढकलू नका. उतार सोडायचा तर तुमच्या कारणानं सोडा. उद्या पश्चात्ताप झाला तर माझ्या तोंडाकडे बघाल."

बिल कुणी द्यायचं यावरून दोघांनी थोडी औपचारिक ओढाताण केली, आणि तो पावसातून स्टेशनकडे निघून गेला. छत्री तो दुकानातच विसरला. तिनं ती कारखान्यात आणून ठेवली, आणि आठवडाभर ती दाराशी उभी राहून शिहोकडे बघत होती.

त्या आठवड्यात फोन आला नाही. तिनंही केला नाही. छापाचा कागद कापायचं काम होतं. रांगा कापून झाल्या. समोरच्या काठावरून दिसलेला सबंध उतार कागदावर आला. कागदाला जिथं भोक, तिथं खळ बसते, आणि खळ बसली तिथं कापड पांढरं राहतं. एवढंच गणित. शिहो सुरी हातात धरून बसली होती. एका रांगेत एक बारीक भोक पाडायचं की नाही, एवढंच उरलं होतं. सुरी ठेवून ती चहा प्यायला गेली, परत आली, पुन्हा उठली. शेवटी जाग्यावर बसून तिनं ते पाडलं.

काताहिरा-सानांनी कागद उजेडासमोर धरला. "हे खळ सांडल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

"माणूस आहे का हा?"

"ठिपका आहे."

"हं," ते म्हणाले. "ठिपक्याचा सदरा इस्त्रीचा आहे का, तेवढं सांग." आणि रंग कालवायला गेले.

खुडणीच्या शेवटच्या दिवशी पंचे घेऊन शिहो स्वतः गेली. आता गाठोडं द्यायचं, छत्री द्यायची आणि दुपारच्या बसनं परत फिरायचं, असं तिनं ठरवलं होतं. सोइचीच्या अंगणात चटया घातल्या होत्या. भाताचे मुटके, डोंगरातल्या भाज्यांची भजी, लोणची. बायका पाय पसरून बसल्या होत्या. सोइचीनं तिला बघून मान लववली, तिनंही लववली. एवढंच.

तिनं गाठोडं सोडलं आणि अंगणात सकाळचा रंग पसरला. बायकांनी पंचे उलगडले. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ही बघ माझी रांग. हा वळणावरचा दगड. अगं, हे तर थांब्यावरून दिसतं तसं आहे. वर्षानुवर्षं त्या उतारावर चढल्या, पण तो लांबून असा दिसतो हे कुणी नीट बघितलंच नव्हतं.

तोयोकाकूंनी पंचा डोळ्यांजवळ नेला.

"आणि हा पांढरा कोण?"

"खळ सांडली," शिहो म्हणाली.

"सगळ्यांच्या पंच्यावर एकाच जागी सांडली?"

हशा पिकला. सोइचीनं आपला पंचा दोन्ही हातांनी धरला होता. तो हसला नाही. त्यानं रांग ओळखली होती, आणि त्या दिवशी थांब्यावर कोण बसलं होतं तेही त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं मान वर करून शिहोकडे पाहिलं आणि बराच वेळ नजर काढून घेतली नाही. मग तो उठून उभा राहिला आणि त्यानं बायकांना सांगून टाकलं. हे शेवटचं वर्ष. जुलैपासून मी हामामात्सुला जातोय. आधी सांगायला हवं होतं, चुकलो.

तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

"झालं सांगून?" तोयोकाकू म्हणाल्या. "बस आता, भजी गार होतायत."

तो गोंधळून बघत राहिला.

"अरे, मागच्या शरदात तू खत टाकलं नाहीस. आम्हाला काय डोळे नाहीत?" काकूंनी पंचा डोक्याला बांधला आणि मागं गाठ मारली. "आणि आता सांगतोच आहेस तर आमचंही ऐक. आम्ही आठ दिवसांपासून ठरवतोय, तुला कुणी सांगायचं. पुढच्या वर्षी आमच्याच्यानं तो उतार चढवणार नाही. या हिच्या कमरेचं ऑपरेशन आहे, मला खाली उतरताना गरगरतं. पण आम्ही आलो नाही तर हा पोर एकटा पडेल, म्हणून कुणाचं तोंड उघडत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी..."

"आणि तू आमच्यासाठी. चांगलं जमलं की. दोघंही एकमेकांसाठी मरत मरत चढत होतो."

यावर सगळ्यात आधी शिहो हसली. तिला आवरेना. मग बाकीच्या, आणि शेवटी सोइची. हसता हसता त्यानं नव्या पंच्यानं डोळे पुसले, तेव्हा तोयोकाकूंनी त्याला पहिल्याच दिवशी मळवलास म्हणून रागावून घेतलं. मग त्याच म्हणाल्या की घराखालचा सपाट तुकडा तेवढा ठेव. तिथं चढायला लागत नाही, बसून गप्पा मारत खुडता येईल, आपल्यापुरता चहा होईल. वरचा उतार जाऊ दे जंगलाला, होता त्याचाच. सोइची म्हणाला, सुट्टीच्या दिवशी येऊन तेवढं मी करीन. एवढी वर्षं ओझं म्हणून वाहिलेली गोष्ट एका जेवणात निकालात निघाली.

शिहोला पोचवायला तो पुलापर्यंत म्हणून निघाला आणि पूल ओलांडून थांब्यापर्यंत आला. नदीचा आवाज होता, बोलायला तसं सोयीचं नव्हतं. दोघं बाकावर बसले. समोर उतार.

"छत्री आणलीत, त्याबद्दल आभार," तो म्हणाला.

"कारखान्यात अडचण होत होती तिची."

"आणि ती खळ... नेमकी सांडली."

"चूक नव्हती ती."

"माहीत आहे. चूक असती तर काताहिरा-सानांनी पंचे पाठवलेच नसते."

थोडा वेळ दोघांनी उताराकडे पाहिलं. मग शिहो म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ना, माझ्यावर ढकलू नका म्हणून... ते खरं होतं. पण अर्धंच. तुम्ही पियानोचा कारखाना म्हणालात, तेव्हा मी आधी सायकलचा रस्ता बघितला मनात. तुमचा चहा जातोय आणि मला आनंद होतोय. कुणाला सांगणार असलं? म्हणून भांडले."

सोइची तिच्याकडे वळला. "आता तर चहाचं माझ्याशिवायच ठरलं. बायकांनी ठरवलं. आता तुमच्यावर काही नाही."

"नाही."

"मग आता म्हणा, काय म्हणायचं होतं ते."

वळणावर बसचा भोंगा वाजला. शिहोनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"ये," ती म्हणाली. "जुलैची वाट कशाला बघतोस... तू ये."

'तू' तोंडातून गेल्यावर ती स्वतःच दचकली. त्यानं तिच्या हातातून तो बंद सोडवला आणि त्या जागी आपली बोटं दिली. चहाच्या डागांनी काळवंडलेली त्याची, आणि निळ्या नखांची तिची.

"येतो, शिहो," तो म्हणाला.

बस आली. ती चढली, आणि तिच्या मागोमाग तोही चढला. चिखलाच्या बुटांनी, गळ्यात नवा पंचा तसाच. चालक त्याला ओळखत होता. त्यानं आरशातून विचारलं, अरे, या अवतारात कुठं निघालास?

"पुढच्या थांब्यापर्यंत," सोइची म्हणाला.

पुढच्या थांब्यावर बस थांबली, दार उघडलं. दोघं मागच्या बाकावर डोकी जवळ करून बोलत होते. "अजून एक," सोइची म्हणाला. दार लागलं. त्याच्या पुढच्या थांब्यावरही तेच झालं. त्यापुढं गाव संपलं, देवदारांची सावली लागली, आणि चालकानं मग दार उघडलंच नाही, सरळ स्टेशनकडे गाडी घेतली.